एका हाताचा माऊस

१२ जून २०२५, गुरुवार
काचीगुडा, हैदराबाद

आत्याने आजपासून आजोबांच्या वह्या टाइप करायला पुन्हा सुरुवात केली. गेल्या वर्षीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा डावा हात जड झाला आहे. बोटे मिटतात, पण सुटी सुटी हलत नाहीत. उजवा हात चांगला आहे आणि स्मरण पहिल्यासारखेच लख्ख. विवेकवर्धिनीत शिकलेली, पुढे आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई. रिकामे बसणे तिला सोसत नाही.

वह्या निजामाच्या राज्यातल्या. आजोबा तहसील कचेरीत कारकून होते. नोंदी मराठीत, पण महिने फसली सनाचे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार. खर्च हाली सिक्क्यात. इंग्रजी रुपया आला की शेजारी 'कलदार' असे लिहिलेले. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आत्याला तोंडपाठ आहे, महिने मात्र पाहावे लागतात. त्यामुळे एकेका पानाला तिला पानाचा स्कॅन, टाइप करायची फाइल आणि मी करून दिलेला फसली महिन्यांचा तक्ता एवढे समोर लागते, शिवाय अधूनमधून मोल्सवर्थचा कोश. पडदा लहान, सगळ्या विंडो एकावर एक. टाइप करण्याइतकाच वेळ एका विंडोतून दुसरीत जाण्यात जातो.

लॅपटॉप जुना आहे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरपासून थांबणार आणि विंडोज ११ याचा प्रोसेसर स्वीकारत नाही. म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट घातले, एक्सएफसीई डेस्कटॉप असलेले. जुन्या यंत्रावर ते हलके चालते. आत्याने नव्या पडद्याची तक्रार केली नाही. तिची अडचण वेगळीच निघाली.

१४ जून, शनिवार

आज सुट्टी. तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि काही न बोलता तिच्या हाताकडे पाहत राहिले.

मी तिला ऑल्ट आणि टॅब एकत्र दाबायला शिकवले होते. आपण हे न बघता करतो, कारण आपला डावा हात त्या कोपऱ्यात आयताच असतो. तिचा उजवा हात माऊस सोडतो, पूर्ण कीबोर्ड ओलांडून डावीकडे जातो, अंगठा ऑल्टवर आणि बोट टॅबवर टेकवतो, हवी ती विंडो येईपर्यंत टॅब मोजतो, मग परत माऊसकडे येतो. तेवढ्यात पानावरची ओळ डोळ्यांतून निसटलेली असते. ती शोधायची, दोन शब्द टाइप करायचे, पुन्हा तोच प्रवास. थोड्या वेळाने ती खांदा चोळायला लागली.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सगळे असंच करतात म्हणालीस ना तू."

विंडो बदलण्याचे सगळे काम माऊसवर आले पाहिजे. तिचा हात माऊसवरून फक्त टाइप करण्यापुरता उठावा.

१५ जून, रविवार

खालच्या पॅनेलपासून सुरुवात केली. उघड्या विंडोंची बटणे तिथे असतातच, पण बारीक. पॅनेलची उंची जवळजवळ दुप्पट केली, पॉइंटरही मोठा केला. बटणांच्या सेटिंगमध्ये माऊसच्या चाकाने विंडो बदलण्याची सोय असते, ती चालू केली. आता पॉइंटर पॅनेलवर नेऊन चाक फिरवले की एकामागून एक विंडो वर येते, क्लिक करावे लागत नाही.

पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हाताच्या हालचालींवर एक नियम मांडला. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे नेमके पोचायला वेळ जास्त. माऊस यायच्या आधीचा हा नियम माऊसला तंतोतंत लागू पडतो. त्यातून निघणारी एक गोष्ट आत्याच्या फार कामाची आहे. पडद्याच्या कडेला पॉइंटर आपोआप थांबतो, म्हणून कडेला चिकटलेले बटण गाठायला नेम धरावा लागत नाही. हात नुसता खाली ढकलायचा. कोपरा तर त्याहून सोपा, कारण तिथे दोन कडा मिळून पॉइंटर अडवतात.

तिला हे सांगितले. तिने डोळे मिटून माऊस खाली ढकलला आणि डोळे उघडून पाहिले. पॉइंटर पॅनेलवर होता. दुपारभर ती खुशीत होती.

१८ जून, बुधवार

ऑफिसात जेवताना हा विषय निघाला. टेबलावरच्या मुलांचे एकमत की ज्याला खरे काम करायचे त्याने माऊसला हात लावू नये, कीबोर्डच वेगवान. त्यांच्यापुरते ते खरे आहे. रायदुर्गपासून गचीबौलीपर्यंत हजारो लोक दिवसभर कोड लिहितात आणि त्यांची दहाही बोटे कीबोर्डवर असतात. पण त्यावरून माऊस ही शिकाऊ माणसाची कुबडी ठरत नाही. दहा बोटे गृहीत धरून केलेला हिशेब आहे तो, आणि माझ्या घरात पाचच चालतात.

१९ जून, गुरुवार

रात्री आत्याला डग्लस एंगलबार्टची गोष्ट सांगितली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार संगणकतज्ज्ञांसमोर त्याने दीड तासाचे प्रात्यक्षिक दिले. पडद्यावरचा मजकूर हलवणे, एका दस्तऐवजातून दुसऱ्यात उडी मारणे, दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच पानावर काम करणे, हे सगळे त्या दिवशी लोकांनी प्रथम पाहिले. त्याच्या उजव्या हातात माऊस होता. पहिला माऊस लाकडी खोक्याचा, खाली दोन चाके. बिल इंग्लिश या सहकाऱ्याने तो बनवला होता. डाव्या हाताखाली मात्र पाच कळांची एक पट्टी होती. पेटीवर सूर धरावेत तशा दोन-तीन कळा एकदम दाबून त्यावर अक्षरे आणि आज्ञा देता येत.

माऊस जगभर गेला. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या आल्टो संगणकावर १९७३ पासून तो होता, एकमेकांवर चढणाऱ्या विंडोही तिथेच आकाराला आल्या. पाच कळांची पट्टी मात्र मागे पडली.

आत्याने मधेच विचारले, "मग डाव्या हाताचं काम गेलं कुठं?"

विचार करून सांगितले, की ते कंट्रोल आणि ऑल्टमध्ये गेले. जोडीने दाबायच्या सगळ्या कळा म्हणजे त्या पट्टीचेच काम, फक्त कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात येऊन बसलेले. सुरुवातीपासून यंत्र दोन हातांचे धरले गेले.

"माझ्यापुरतं ते एका हाताचं कर," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

२१ जून, शनिवार

लिनक्सच्या डेस्कटॉपवर मधल्या बटणाला फार जुना मान आहे. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली एक्स विंडो प्रणाली तीन बटणांच्या माऊसच्या काळातली आहे. चाकाचा माऊस सर्वत्र पसरला तो १९९६ नंतर, मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसमुळे. आज ते चाक खाली दाबले की मधले बटण होते.

एक्सएफसीईत डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर मधले बटण दाबले, की उघड्या सगळ्या विंडोंची यादी पॉइंटरपाशीच उघडते. हव्या नावावर क्लिक केले की ती विंडो समोर. पॅनेलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पण विंडो पूर्ण पसरलेली असली तर मोकळी जागा उरतेच कुठे? त्यालाही उपाय आहे. वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये समास ठेवता येतो: पडद्याच्या कडेची एवढी पट्टी विंडोंनी झाकायची नाही, असे सांगायचे. मी उजवीकडे एक अरुंद पट्टी सोडली. आता माऊस उजव्या कडेला ढकलायचा, चाक दाबायचे, यादी हजर. डेस्कटॉपवर चाक फिरवले तर वर्कस्पेस बदलतो, ती सोय मात्र बंद केली. चाक दाबताना ते जरासे फिरतेच, आणि सगळ्या विंडो एकदम नाहीशा झाल्यावर आत्या घाबरते.

यादी उघडली तेव्हा एक वेगळाच घोळ दिसला. स्कॅनची नावे स्कॅनरने दिलेली, नुसती आकड्यांची. चार स्कॅन उघडे असले की यादीत चार सारखे आकडे, आणि कुठल्या आकड्यात कुठला महिना हे कुणालाच सांगता येणार नाही. संध्याकाळी दोघींनी बसून फायलींना नावे दिली: 'आबान १३५७ पान ४' अशी. ती महिना सांगायची, मी लिहायचे. यादी वाचता यावी यासाठी विंडोच्या कपाळावर कळेल असे नाव हवे, हे कुठल्या सेटिंगमध्ये सापडत नाही. इतके दिवस केलेल्या बदलांत सगळ्यांत जास्त फरक याच कामाने पडला असे मला वाटते.

२४ जून, मंगळवार

पॉइंटर ज्या विंडोवर असेल तीच चालू व्हावी, क्लिक नको, अशी एक पद्धत लिनक्सवर आहे. जुन्या युनिक्सवाल्यांची ती लाडकी. मला वाटले आत्यासाठी हेच उत्तम: स्कॅन आणि फाइल शेजारी शेजारी लावायच्या, माऊस जिकडे तिकडे काम. तिला ती मुळीच रुचली नाही. टाइप करताना मनगटाचा धक्का माऊसला लागतो, पॉइंटर पलीकडे सरकतो आणि पुढची अक्षरे भलतीकडे जातात. डोळे वहीच्या पानावर असल्याने तिला ते ओळ संपल्यावर कळते. पद्धत काढून टाकली.

त्यातून एक चांगली गोष्ट हाती लागली. लिनक्सवर चाक फिरवले की पॉइंटरखालची विंडो सरकते, चालू विंडो दुसरी असली तरी. म्हणजे कर्सर टाइप करायच्या फाइलमध्ये राहतो आणि शेजारचे आजोबांचे पान चाकाने खाली येते. विंडो बदलावीच लागत नाही. फसलीच्या तक्त्याची विंडो लहान केली, तिच्या शीर्षकपट्टीवर उजवे बटण दाबून 'नेहमी वर' निवडले आणि वरच्या कोपऱ्यात बसवली. निम्म्या उड्या अशाच वाचल्या.

कोशातला शब्द उचलायचा तर माऊसने निवडायचा, फाइलमध्ये जाऊन मधले बटण दाबायचे, की तो तिथे उतरतो. कंट्रोल-सी नाही, कंट्रोल-व्ही नाही. ही सोयही एक्सची जुनी देणगी.

२६ जून, गुरुवार

आजपासून गोवळकोंड्याच्या देवीचा बोनालू उत्सव सुरू. ऑफिसातून यायला उशीर झाला. आत्याने दिवसभरात आबान १३५७ ची पाने धरली होती. आबान म्हणजे साधारण सप्टेंबर. त्या वर्षीचा, म्हणजे १९४८ चा सप्टेंबर. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शस्त्रे ठेवली.

आजोबांच्या नोंदी त्या दिवसांत अगदी तोटक्या आहेत. बाजार बंद. पाणी भरून ठेवले. मुलांना बाहेर सोडले नाही. त्या मुलांमध्ये आत्याचे थोरले भाऊ होते. ती स्वतः नंतरची. एका ओळीतला शब्द पुसट होता. तिने स्कॅन मोठा केला, मागच्या महिन्याचे पान उघडून अक्षराचे वळण ताडून पाहिले, परत आली, पुन्हा गेली. मी मागे उभी होते. तिच्या हाताकडे माझे लक्ष होते, तिचे नव्हते. विंडो बदलत होत्या आणि तिला ते जाणवत नव्हते. शब्द 'रसद' निघाला.

२८ जून, शनिवार

कोठीच्या गुजराती गल्लीत जाऊन नवा माऊस आणला, अंगठ्याशी दोन जादा बटणे असलेला. दुकानदाराने खेळांचा म्हणून दाखवला. कशासाठी हवा ते सांगितल्यावर त्याने खोक्यातून आणखी दोन काढून दिले आणि म्हणाला, "अम्माके हाथ में जो बैठे वो ले जाओ, बाकी वापस लाओ." सगळ्यांत जाडजूड तो आत्याला बसला.

एक्समध्ये माऊसच्या प्रत्येक बटणाला क्रमांक असतो. डावे १, मधले २, उजवे ३. चाक वर फिरवणे ४ आणि खाली फिरवणे ५ मानले जाते. अंगठ्याची बटणे ८ आणि ९. एक्सबाइंडकीज नावाचा छोटा प्रोग्रॅम बटणाचा क्रमांक ओळखतो, एक्सडूटूल कळ दाबल्याचा निरोप देतो. दोन ओळींची फाइल लिहिली: ८ दाबले की ऑल्ट-टॅब. एकदा दाबून सोडले की आधीच्या विंडोत, पुन्हा दाबले की परत. स्कॅन आणि फाइल, फाइल आणि स्कॅन. तिला दिवसातून शेकड्यांनी हेच करायचे असते.

९ वर दुसरी आज्ञा ठेवली. डब्ल्यूएमकंट्रोल हे साधन शीर्षकातला शब्द शोधून ती विंडो पुढे आणते. मी 'फसली' हा शब्द दिला. आता तक्ता मिटवून ठेवलेला असला तरी अंगठ्याने बटण दाबले की समोर.

आत्या काही वेळ नुसती ८ दाबत बसली. पान, फाइल, पान, फाइल.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

कळांचे उरलेले काम आज केले. आत्या इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. त्यात क ची कळ शिफ्टबरोबर दाबली की ख, ग बरोबर घ, त बरोबर थ, ल बरोबर ळ. म्हणजे 'विठ्ठल', 'पंढरी', 'टाळ' लिहायला शिफ्ट हवाच. एका हाताने तो दाबायला ती बोटे ताणत होती. सुलभतेच्या सेटिंगमध्ये स्टिकी कीज चालू केले: शिफ्ट दाबून सोडायचा, मग अक्षराची कळ, दोन्ही एकत्र मानले जातात. शिवाय माऊसच्या सेटिंगमध्ये डबल-क्लिकचा अवधी वाढवला आणि ओढण्याचा उंबरठाही, म्हणजे हात जरा थरथरला तरी क्लिकचे ओढणे होत नाही.

स्टिकी कीजने ऑल्ट-टॅबही एका बोटाने होते. मग माऊसचा एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. हात कीबोर्डवर असेल तेव्हा ते चालते. माऊसवर असेल तेव्हा त्याने उठून का जावे? दोन्ही वाटा मोकळ्या असाव्यात.

१३ जुलै, रविवार

सिकंदराबादच्या उज्जैनी महांकाळीचे बोनालू. रस्ते बंद, घरीच. दुसऱ्या डेस्कटॉपांवर काय मिळते ते पाहून घेतले, कारण पुण्याची वहिनी तिच्या वडिलांसाठी विचारते आहे.

ग्नोममध्ये पॉइंटर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात ढकलला की सगळ्या विंडो लहान होऊन पडद्यावर पसरतात; हवी तिच्यावर क्लिक. नावे वाचण्यापेक्षा चित्र ओळखणे सोपे वाटते त्यांना हे छान. ही मांडणी २०११ च्या ग्नोम ३ पासूनची. सिनॅमनमध्ये चारही कोपऱ्यांना कामे लावता येतात. केडीईत कोपऱ्यांबरोबर कडाही वापरता येतात, आणि पॅनेलवरचे चाक आहेच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. आता बरेच डेस्कटॉप एक्स सोडून वेलँडवर जात आहेत आणि मी वापरलेली एक्सबाइंडकीज, एक्सडूटूल, डब्ल्यूएमकंट्रोल ही त्रयी एक्सची आहे. वेलँडवर सुरक्षिततेसाठी एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या विंडो हलवू देत नाहीत. कारण योग्य आहे, पण ज्यांचा एकच हात चालतो त्यांच्या सोयी त्या कुंपणाआड राहता कामा नयेत. हे काम डेस्कटॉप घडवणाऱ्यांनी स्वतःचे मानले पाहिजे.

१९ जुलै, शनिवार

१३५७ ची वही पूर्ण झाली. आत्याला तिची छापील प्रत १९२२ पासून चालत आलेल्या इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्यायची आहे. १३५८ ची उद्या उघडणार. त्या वर्षात जहागिऱ्या गेल्या, त्यामुळे कचेरीतल्या नोंदी भरपूर आहेत.

विंडोज १० चे अपडेट थांबायचा ऑक्टोबर जवळ येतो आहे. पुष्कळ घरांतले जुने लॅपटॉप आता भंगारात निघतील, काहींवर मुले लिनक्स घालून ते आईवडिलांना देतील. देणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. पासवर्ड आणि वायफाय जोडून निघून येऊ नका. ते काम करत असताना शेजारी बसा आणि त्यांच्या हाताकडे पाहा. मग पॅनेल मोठे करा, चाक आणि मधले बटण कामाला लावा, स्टिकी कीज दाखवा, फायलींना वाचता येतील अशी नावे द्या. स्वतःला जमत नसेल तर तुमच्या गावातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना गाठा. हैदराबादेत 'स्वेच्छा'चे कार्यकर्ते आहेत, इतर शहरांतही असे गट आहेत. यातल्या एकाही सोयीला पैसे पडत नाहीत. माऊस तेवढा विकत घ्यावा लागेल.